ज्याची खाट, तेच टेबल

दादा-वहिनी ट्रेलर घेताहेत, हे एव्हाना सगळ्या नातेवाइकांना कळलंच आहे. सिनेमाचा नव्हे. गाडीमागे लावून ओढत न्यायचा आणि आत झोपायचं-शिजवायचं, तो. मिनेसोटाचा उन्हाळा एवढुसा, त्यामुळे तो घरात बसून वाया घालवणं तिकडे पाप समजतात म्हणे. तर त्यांनी 'स्कॅम्प' पसंत केला आहे. त्याच राज्यातल्या बॅकस नावाच्या गावात बनतो. फायबरग्लासचा, अंड्यासारखा गोल, दिसायला अगदी गोड. घोडं अडलंय ते आतल्या नकाशावर. नकाशे दोन आहेत आणि मतं घरात माणसं तितकी.

धायरीतल्या बाईने यात काय बोलावं, असं कोणी म्हणेल. पण फ्लोअर प्लॅन वाचण्यात आमचा हात कोण धरणार? आमच्याकडे पेपर उघडला की आतून दोन-तीन स्कीमची पत्रकं खाली पडतात. नकाशात डबलबेड मुद्दाम लहान काढतात, म्हणजे खोली मोठी दिसते, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल.

पहिली गंमत लांबीची. 'तेरा फुटी' म्हणतात, पण त्यात पुढचा ओढायचा दांडाही धरलेला असतो. खोली म्हणाल तर दहा फुटांची. रुंदी पावणेसात फुटांच्याही आतच, आणि तीसुद्धा बाहेरून. म्हणजे जेमतेम पासष्ट-सदुसष्ट चौरस फूट. आपल्याकडे २०१७ मध्ये महारेरा आलं आणि बिल्डरला कार्पेट एरिया सांगणं भाग पडलं. ट्रेलरचा कार्पेट एरिया मात्र आपला आपणच काढायचा.

आता नकाशे. मागची बाजू दोन्हींत सारखीच: समोरासमोर दोन बाकं आणि मधे टेबल. रात्री टेबलाची फळी खाली उतरवायची, बाकांच्या पाठीच्या गाद्या मधे टाकायच्या, झाला डबलबेड. फरक आहे पुढच्या बाजूला. पहिल्या नकाशात तिथे एक सोफा आहे, त्याचे रात्री खाली-वर दोन बंक होतात. म्हणजे चार माणसं झोपली. दुसऱ्यात त्या जागी छोटंसं संडास-न्हाणीघर आहे, दोन्ही एकातच. दार लावायचं, तिथेच शॉवर घ्यायचा. झोपायला उरला फक्त मागचा बेड.

दादा, वहिनी, भाचा आणि या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी जाणारी आई. माणसं चार, म्हणून नकाशा पहिला. हिशेब सरळ आहे, आणि दादाचं मत तेच आहे. मला तो हिशेब पटत नाही.

का ते सांगायला जरा रेल्वेत जावं लागेल. आपण सगळ्यांनी मधल्या बर्थवरून वाद घातलेत. खालच्याला बसायचं असतं, मधल्याला झोपायचं असतं. साइड लोअर तर हुबेहूब हा ट्रेलरचा बेड आहे: दोन सीटच्या पाठी खाली पाडल्या की बर्थ तयार, आणि रात्रभर ती मधली फट कमरेला आपली आठवण देत राहते. पण रेल्वेने एक शहाणपणा केला. झोपायची वेळ लिहून दिली. २०१७ पासून रात्री १० ते सकाळी ६, त्याआधी ९ ते ६. वर ज्येष्ठांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना खालचा बर्थ मिळावा अशी सोयही केली. रेल्वेला कळलंय की जी जागा दिवसा बसायची आणि रात्री झोपायची असते, तिथे जो मऊ बोलतो तो हरतो.

घरात असा नियम लिहिलेला नसतो. आपण दोन खोल्यांत वाढलेली माणसं. बाहेरच्या खोलीत आजोबांची कॉट, आतल्या खोलीत सगळ्यांच्या गाद्या, आणि पाहुणे आले की आईची वळकटी स्वयंपाकघरात. शेवटची भांडी आवरल्याशिवाय तिला अंथरूण घालता यायचं नाही, आणि पहाटे दूधवाला यायच्या आत ते गुंडाळायला लागायचं. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, तिलाही नाही. पण एक नियम मात्र त्यातून कायमचा कळला: ज्याची खाट म्हणजेच घरातलं टेबल, तो सगळ्यांत शेवटी झोपतो आणि सगळ्यांत आधी उठतो.

म्हणून ट्रेलरचा नकाशा हातात आला की 'किती माणसं झोपतात' हा प्रश्न मी दुसरा ठेवीन. पहिला प्रश्न असा, की टेबलावर कोण झोपणार आणि रात्री उठायचं कोणाला आहे?

पहिल्या नकाशात आईला कुठे झोपवाल? वरच्या बंकवर चढणं सत्तरीत शक्य नाही. खालच्या बंकवर झोपली तर सकाळी नातवाचा पाय आधी तिच्या अंगावर, मग जमिनीवर. मागच्या बेडवर झोपली तर तेच टेबल; नऊला डोळे मिटायची सवय असलेली बाई यांचे पत्ते संपेपर्यंत ताटकळणार. आणि तुम्ही विचारलंत तर ती काय म्हणेल हे आपल्याला पाठ आहे: "मला कुठेही चालतं रे." या वाक्यावर विसंबून कधीही काही विकत घेऊ नये.

त्याहून मोठी गोष्ट रात्रीची. तिकडच्या सरकारी पार्कांमध्ये सामाईक स्वच्छतागृहं असतात, चांगली असतात, हे मान्य. पण रात्री दोन वाजता, अनोळखी रानात, बॅटरी घेऊन, ओल्या गवतातून? आई जाणार नाही. दादाला उठवणारही नाही. ती एक साधा उपाय करील, जो तिने एसटीत चाळीस वर्षं केला आणि तिच्या वयाच्या बहुतेक बायका करतात: दुपारी चारनंतर पाणी पिणं बंद. रक्तदाबाची गोळीसुद्धा अर्ध्या घोटात. मग दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, आणि आपण म्हणतो, हिला प्रवास मानवत नाही.

वहिनीने सुचवलंय की पहिला नकाशा घेऊन एक छोटं पोर्टेबल टॉयलेट आत ठेवू, पडदा लावू. वहिनी, उपाय वाईट नाही, पण दहा फुटांत पडद्याआड, मुलगा आणि नातू तीन हातांवर झोपलेले असताना... ती नाही वापरणार. तिला दार लागतं. कडी असलेलं.

तेव्हा माझं मत दुसऱ्या नकाशाला. आणि मागचा बेड एकदा घातला की पूर्ण सहलीत मोडायचा नाही. टेबल विसरा. कारण मिनेसोटाच्या स्टेट पार्कात प्रत्येक जागेला लाकडी टेबल-बाक आणि शेकोटीचं लोखंडी कडं असतंच. जे बाहेर फुकट मिळतं त्यासाठी आतली एवढी जागा का अडवायची? पाऊस आला तर? तर गादीवर मांडी घालून बसा. आपल्या घरांत टेबल आलं कधी? त्याआधीही आपण जेवत होतोच की, आणि पावसाळी दुपारी गादीवरच मेंढीकोट खेळत मोठे झालो :)

मग चार माणसांचं काय? आई आणि वहिनी आत, दादा आणि भाचा बाहेर तंबूत. ट्रेलरशेजारी तंबू ठोकायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, तरी बुकिंग करताना विचारून घ्यावं. भाच्याला विचारा, तो तंबूच मागेल. चाळिशीतल्या दादाच्या कमरेचं मी काही सांगू शकत नाही, पण त्याच्यासाठी फुगवायची गादी मिळते. छप्पर ज्यांना लागतंच त्यांची मोजणी वेगळी आणि ज्यांना हौस म्हणून तंबू चालतो त्यांची वेगळी. कंपनीच्या पत्रकात या दोघांची बेरीज करून टाकलेली असते.

दुसऱ्या नकाशाची किंमतही मोजावी लागते. पैसे जास्त, वजन जास्त. पाणी स्वस्त असलं तरी हलकं नसतं, अमेरिकन गॅलनला पावणेचार किलोच्या वर. साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यावा लागतो. कमी पडला तर ट्रेलर मागे झोके घेतो आणि जास्त झाला तर गाडीची शेपूट बसते. त्यामुळे पुढच्या बाजूला टाकी-संडास आला की सामान ठेवताना विचार हवा. शिवाय मैल्याची टाकी परतीच्या वाटेवर डंप स्टेशनवर रिकामी करावी लागते. ते काम कोण करणार हे ट्रेलर घेण्याआधीच ठरवा. मी दादाचं नाव सुचवते.

हे सगळं अमेरिकेचंच आहे असंही नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर घर बांधलेल्या गाड्या आता आपल्याकडेही भाड्याने मिळतात. उद्या आमच्याच रस्त्याने अशी एखादी गाडी पानशेतला घेऊन जायचं ठरलं, तरी मी हेच दोन प्रश्न विचारीन. उलट जरा जास्त आग्रहाने, कारण इथे धरणाकाठी ना टेबल वाट बघत असतं, ना कडी लागणारं स्वच्छ दार.

दादा, सही करायच्या आधी एक कर. नमुन्याच्या ट्रेलरमध्ये बेड घालायला सांग आणि दोघं त्यावर आडवे व्हा. बेड आडवा आहे, तेव्हा मागच्या खिडकीपाशी झोपलेल्याला उठायचं तर दुसऱ्याला ओलांडूनच यावं लागतं. वहिनी खिडकीकडे, आई कडेला. मग दिवे घालवून, डोळे मिटून, कडेपासून त्या दारापर्यंत जाऊन बघ. किती पावलं, कुठे गुडघा आपटतो, हाताला धरायला काय मिळतं. एक दांडी बसवून घ्यावी लागली तर तिचे पैसे माझ्याकडून.