पिठोरी आणि मातृदिन

श्रावणातील अमावास्येला पिठोरीचे व्रत करतात. देशावर बहुतेक ठिकाणी हाच दिवस बैलपोळ्याचा. परंतु आमच्या करवीर भागात, आणि पलीकडे निपाणीपासून बेळगावजवळच्या बेळगुंदीपर्यंत, बैलांचा सण बेंदूर वा कारहुणवी म्हणून ज्येष्ठ-आषाढातच झालेला असतो. त्यामुळे या बाजूला ही अमावास्या आईची तिथी म्हणूनच उरते. तिला मातृदिन म्हणतात ते योग्यच होय.

पिठाच्या मूर्ती करून किंवा चित्र मांडून चौसष्ट योगिनींची पूजा करावयाची, दिवसभर उपवास करावयाचा, आणि सायंकाळी खीरपुरीचे वाण डोक्यावर धरून मागे न पाहता विचारावयाचे, “अतिथी कोण?” मागे उभे असलेले मूल “मी आहे” म्हणते व वाण घेते. विधी एवढाच, पण त्यामागची कहाणी फार कठोर आहे. एका सुनेची मुले दरवर्षी याच तिथीला जन्मून दगावत. घरी त्याच दिवशी श्राद्ध असे व ते मोडे. अखेरीस मेलेले मूल ओटीत घालून तिला घराबाहेर काढले गेले. रानात योगिनींनी “अतिथी कोण?” म्हणून विचारले, तेव्हा ती “मी आहे” म्हणाली आणि तिची मुले तिला परत मिळाली. मूल गेले की दोष आईचा, हा जुना न्याय या कहाणीत स्पष्ट दिसतो.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारचा मातृदिन परका म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी त्याचे मूळ पाहावे. अमेरिकेच्या पश्चिम व्हर्जिनियातील ॲन जार्विस या बाईंची बहुतेक मुले लहानपणीच दगावली. घरोघर स्वच्छता व्हावी, दूध तपासले जावे, आजारी आयांना मदत मिळावी, म्हणून त्यांनी मातांची मंडळे काढली. त्या 1905 साली वारल्या. त्यांची कन्या ॲना हिने 1908 साली ग्राफ्टन गावी आईच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला, आणि 1914 साली अध्यक्ष विल्सन यांनी तो राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. पुढे फुलवाल्यांनी व भेटकार्डवाल्यांनी त्याचा बाजार मांडला, तेव्हा याच ॲनाने त्याविरुद्ध जन्मभर झगडा केला. सारांश, दोन्ही सणांच्या मुळाशी भेटवस्तू नाही. दगावलेल्या लेकरांचे दुःख आहे.

दोहोंत फरक इतकाच, की पिठोरीला आई मुलासाठी उपाशी राहते. आईच्या जिवासाठी कोण काय करते, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. त्याचे एक उत्तर बेळगाव जिल्ह्यानेच दिले आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे मोठे कारण. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह खेड्यांतील 1620 बाळंतिणींवर प्रयोग केला. गावोगावच्या परिचारिकांनी काहींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, काहींना औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळ्या दिल्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा 12 वरून 6.4 वर आले. हे निष्कर्ष 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आडगावच्या बाळंतिणीपाशी पोचलेल्या त्या परिचारिकांनी “मी आहे” हे शब्द खरे करून दाखविले, असे आम्ही समजतो.

आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जी सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले खाते, तिचे रक्त वाढावे कसे? कस्तुरबांच्या जन्मदिनी, 11 एप्रिलला, 2003 पासून सुरक्षित मातृत्व दिन पाळतात. पण किती घरांना त्याची आठवण असते?

पिठोरी मोडावी असे आम्ही म्हणत नाही. वाण व्हावे, कहाणीही वाचली जावी. मात्र गरोदर व अशक्त सुनेला त्या दिवशी उपाशी ठेवू नये. तिचे पान आधी वाढावे, तपासणीचा दिवस चुकू देऊ नये, लोहाच्या गोळ्या ती घेते की नाही हे नवऱ्याने व सासूने पाहावे. आईने हाक दिली असता “मी आहे” म्हणण्याची जबाबदारी लेकराइतकीच घरातील प्रत्येकाची आहे.