बाहा गीत : अर्थ आणि प्रसंग

आदिवासींच्या गीतांची ‘निसर्गकविता’ म्हणून भलावण करण्याची प्रथा मराठीत चांगलीच रुजली आहे. संथाळांची बाहा गीते या प्रथेला सहज बळी पडतात. ‘बाहा’ म्हणजे फूल. गीतात सालाचा फुलोरा येतो, मोह येतो, पाखरे येतात. तेव्हा ते वसंतवर्णन म्हणून वाचणे सोयीचे वाटते. ही सोय मात्र अर्थाच्या मुळावर येते.

फाल्गुनात साल फुलतो, परंतु बाहा सण साजरा होईपर्यंत संथाळ स्त्री ते नवे फूल केसांत माळीत नाही, मोहाचे नवे फूलही खाल्ले जात नाही. गावाच्या कडेला ‘जाहेरथान’ ही राखलेली सालराई असते. तेथे नायके, म्हणजे गावचा पुजारी, मारांग बुरू, जाहेर एरा आणि मोडेको या देवतांना फूल प्रथम अर्पण करतो. मग तो गावातून दारोदार फिरतो. स्त्रिया त्याचे पाय धुतात आणि तो त्यांच्या पदरात सालाची फुले घालतो. थट्टेचे नाते असलेली माणसे एकमेकांवर पाणी उडवतात. तुमदाक्‌ आणि तामाक्‌ या वाद्यांच्या तालावर नाच सुरू होतो. बाहा गीत या क्रमात उभे आहे. त्यातले फूल नुसते उमललेले नसते, ते मोकळे झालेले असते. कालपर्यंत देवाचे असलेले आज माणसांचे झाले, हा त्यातला आनंद आहे. पुष्कळ गीतांची रचना प्रश्नोत्तराची असते. निषेधाची ही पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्या वाचकाला तो केवळ रचनेचा खेळ वाटेल, यात नवल नाही.

संथाळांचे स्वतःचे वर्गीकरणही हेच सुचवते. बाहा, सोहराय, दोङ, लागडे ही नावे विषयाची नाहीत. ती प्रसंगाची, नाचाची आणि चालीची आहेत. ‘बीर सेरेञ’ म्हणजे रानातली गाणी. ती शिकारीच्या वेळी पुरुषांनी रानातच गायची, गावात स्त्रियांसमोर नाहीत. छापील संग्रहात बीर सेरेञ आणि बाहा गीत समोरासमोरच्या पानांवर आले की रान आणि गाव यांमधली सीमा संपादकाच्या हातूनच पुसली जाते. डब्ल्यू. जी. आर्चर यांचे या बाबतीतले ऋण मान्य करावे लागते. संथाळ परगण्यात प्रशासक असताना त्यांनी गीते जमवली आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ फ्लूट्स’ या ग्रंथात ती संथाळ जीवनाच्या वर्णनात गुंफून दिली. अडचण होते ती पुढच्या अनुवादकांची. ते गीत उचलतात आणि वर्णन मागे ठेवतात.

मग शब्दांना स्वतंत्र काव्यमूल्य नाहीच काय, असा आक्षेप येईल. मूल्य आहेच; पण ते कोठून येते हे पाहिले पाहिजे. जात्यावरची ओवी वहीत उतरली तरी मराठी वाचकाच्या कानात जात्याची घरघर असते, म्हणून ती तगते. संथाळी गीताच्या बाबतीत ही घरघर पुरवण्याचे काम अभ्यासकाचे आहे. अनुवादाखाली एक तळटीप देऊन ते भागत नाही. त्यासाठी भाषा शिकावी लागते, आणि हीच गोष्ट टाळली जाते.

२००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तिची ओल चिकी ही लिपी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्येच सिद्ध केली होती. तरीही मराठी विभागांत संथाळी गीतावर लिहिले जाते ते बहुधा इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद समोर ठेवून. अंतराची सबब येथे पुरती लागू पडत नाही. मेळघाटातील कोरकू ही संथाळीच्याच मुंडा कुळातली भाषा आहे. दोन्ही समाजांचे सण आणि दैवते वेगळी, हे खरे. परंतु या कुळातले गीत त्याच्या भाषेत आणि त्याच्या प्रसंगी ऐकायचे असेल, तर परतवाड्यावरून घाट चढला तरी आरंभ होऊ शकतो.