तीन संध्याकाळींचा दीक्षार्थी

हदगाव तालुक्यातील एका खेड्यात काही वर्षांपूर्वी एका गृहस्थाचा स्नानसंस्कार झाला. पूर्वतयारी म्हणून तीन संध्याकाळी त्याला समोर बसवून 'हे आमच्या स्वर्गातील बापा', 'नमो मरिये' आणि श्रद्धांगीकार पाठ करून घेण्यात आला. चौथ्या दिवशी पाणी ओतले गेले, नाव बदलले, नोंदवहीत एक ओळ वाढली. पुढच्याच वर्षी त्याचे वडील वारले. राख सावडायला जावे की न जावे, पिंडाला हात लावावा की न लावावा, तेरवीच्या पंगतीत बसावे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. कारण तीन संध्याकाळींत तो प्रश्न कोणी काढलाच नव्हता. तो बाजूला उभा राहिला. भावकीने त्याला बापाच्या मातीला पाठ फिरवणारा ठरवले. शरमेने तो आता ना भावकीत बसतो, ना मिस्साबलिदानाला येतो. ज्यांनी त्याला दीक्षा दिली त्यांचे नाव आम्ही घेत नाही. दोष एका व्यक्तीचा नसून एका सवयीचा आहे, आणि त्या सवयीविरुद्धच आम्हांला आज बोलायचे आहे.

ही सवय जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा तो मुकुटमणी म्हणून आम्ही त्याचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. परंतु ते कोणासाठी रचले गेले हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. जुनी पुराणे हातची गेलेल्या आणि नव्या धर्माचे काहीच कानी न पडलेल्या सासष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी ते रचले गेले. आधी पाणी, मग पुराण, असा तो क्रम होता. स्टीफन्ससारख्या प्रतिभावंताने आपले आयुष्य वेचून जी उणीव भरून काढली, ती मुळात निर्माणच का व्हावी? पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत महाराष्ट्रातील मिशनांनी अन्न दिले आणि स्नानसंस्कारही दिले. अन्न दिले हे त्यांचे पुण्य. पण दोन्ही एकाच हाताने आणि एकाच हंगामात दिल्यामुळे जो कलंक लागला, तो आमच्या नातवंडांनाही पुसावा लागत आहे.

प्राचीन ख्रिस्तसभेची रीत अशी नव्हती. तिसऱ्या-चौथ्या शतकांत दीक्षार्थीला वर्षानुवर्षे, कित्येकदा तीन वर्षे, श्रवणात काढावी लागत. त्याचा धंदा काय, घरी तो कसा वागतो, याची चौकशी होई, आणि त्याच्या वतीने ग्वाही देणारा कोणीतरी उभा राहावा लागे. संत ऑगस्टीनसारख्या विद्वानालाही ३८७ सालच्या पुनरुत्थान जागरणाच्या रात्रीपर्यंत थांबावे लागले. तेव्हा कुठे मिलानचे महागुरू संत अँब्रोझ यांनी त्याला स्नान दिले. मधल्या शतकांत ही रीत लोपली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानात ती पुन्हा सुरू करण्याची आज्ञा केली. १९६५ च्या मिशनकार्यविषयक आदेशात तर स्पष्टच म्हटले की दीक्षापूर्व काळ म्हणजे नुसते सिद्धान्तांचे निरूपण नव्हे, तर समग्र ख्रिस्ती जीवनाचे शिक्षण होय. १९७२ साली प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षेचा विधी रोमहून प्रसिद्ध झाला. प्रथम जिज्ञासेचा काळ, मग स्वीकृतीचा विधी, मग दीर्घ शिक्षण, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी निवड, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी, जागरणाच्या रात्री स्नान, दृढीकरण व परमप्रसाद, आणि त्यानंतरही पेन्टेकॉस्टपर्यंत नवदीक्षितांची सोबत. हे शिक्षण गरज पडल्यास काही वर्षे चालावे, असेही त्यात आहे. अर्धशतक उलटून गेले. आमच्या खेड्यांत अजून तीन संध्याकाळीच चालू आहेत.

यावर आम्हांला जी उत्तरे मिळतात ती ठरलेली आहेत. म्हणतात, फिलिपाने कूशी अधिकाऱ्याला वाटेतच, रथ थांबवून स्नान दिले. पेन्टेकॉस्टच्या दिवशी तीन हजारांनी एका दिवसात दीक्षा घेतली. खरे आहे. पण तो अधिकारी यरुशलेमेत उपासना करून परतत होता आणि मांडीवर यशया उघडा होता. ते तीन हजार जन्मभर नियमशास्त्र ऐकत आलेले होते. आमच्या माणसाच्या मांडीवर काय असते? शिवाय त्याच अध्यायात पुढे लिहिले आहे की ते लोक प्रेषितांच्या शिकवणीत टिकून राहिले. आमचा माणूस कशात टिकून राहणार?

दुसरे उत्तर अधिक लागते : 'अडाणी माणसांना एवढे कशाला? श्रद्धा असली म्हणजे झाले.' ज्या माणसाने आपले कुलदैवत, आपली मरीआई, आपली भावकी आणि आपल्या बापाच्या वाटेला सोडण्याचा विचार केला आहे, तो या तालुक्यातील सर्वांत गंभीर विचार करणारा माणूस आहे. त्याला अडाणी म्हणणे हा आमचा उद्धटपणा होय. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट प्रॉटेस्टंट घरातली म्हणून आम्ही बाजूला ठेवू नये. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षे सोवळे, विटाळ, स्वयंपाकघर आणि पाण्याचा हंडा यांच्याशी झगडण्यात गेली. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. त्यांची दीक्षा स्वयंपाकघरातच पिकली. तेवढा अवधी आम्ही हदगावच्या बाईला का देत नाही?

तिसरी गोष्ट कोणी उघड बोलत नाही, म्हणून आम्हीच बोलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम केवळ हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्याला तो नाही. आदिवासी आंध बंधूला ही अट लागू नाही, कारण अनुसूचित जमातीच्या यादीत धर्माची अट नाही. पण मातंग बंधूला ती लागू आहे. हा कायदा अन्यायाचा आहे असेच आमचे मत आहे. परंतु अन्याय आहे म्हणून तो दीक्षार्थीपासून लपवावा काय? मुलाच्या दाखल्याचे काय होईल, हे त्याला स्नानाच्या आधी कळले पाहिजे की नंतर? काही ठिकाणी 'कागदोपत्री जुनेच नाव राहू द्या' असा कानमंत्र दिला जातो. ज्या सत्यासाठी तो आपल्याकडे आला, त्याच्या पहिल्याच पायरीवर आपण त्याला असत्य शिकवतो. कायद्याशी भांडायचे तर ख्रिस्तसभेने उघडपणे भांडावे. एकट्या गरिबाच्या खोट्या कागदाआड लपू नये.

आणि जे आमच्यावर आमिषाचा आरोप करतात त्यांना काय सांगणार? १९५६ साली मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल आला, १९६७ साली ओरिसात व १९६८ साली मध्य प्रदेशात कायदे झाले, १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. आम्ही दर वेळी निषेधाचे ठराव केले. जो माणूस दोन पावसाळे दर आठवड्याला येऊन बसला, प्रश्न विचारले, मध्येच उठून गेला आणि परत आला, त्याच्यावर जबरदस्तीचा आरोप कोण ठेवील? तीन संध्याकाळींच्या माणसावर मात्र कोणीही ठेवील. तथापि केवळ कायद्याच्या भयाने हा मार्ग धरावा असे आम्ही म्हणत नाही. उद्या सगळे कायदे रद्द झाले तरी आमचे म्हणणे हेच राहील.

एक अडचण मात्र आम्ही मान्य करतो. आमच्या भागातील पुष्कळ माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात व उन्हाळा लागल्यावर परततात. प्रायश्चित्तकाळाचे सहा आठवडे नेमके तेव्हाच येतात. निवडीच्या रविवारी दीक्षार्थी कुठल्यातरी कारखान्याच्या कोप्यांवर पाचट बांधत असतो. 'म्हणूनच आम्ही घाई करतो,' असे आम्हांला ऐकवले जाते. परंतु १९७२ च्या विधीतच याची सोय आहे : अपरिहार्य परिस्थितीत निवड, परीक्षणे आणि स्नानही ठरलेल्या काळाबाहेर करता येते. मग आमच्या धर्मप्रांतात हे विधी आषाढ-श्रावणात का होऊ नयेत? शोमरोनी स्त्रीची विहिरीवरची गोष्ट पेरणीनंतरच्या उघडिपीत वाचली तर ती कमी पवित्र ठरते काय? शहरातील वेळापत्रक छापून येते आणि पैनगंगेकाठी तसेच्या तसे लागू होत नाही म्हणून आम्ही सगळा विधीच गुंडाळून ठेवतो. हा आळस आहे. त्याला मिशनकार्याची तळमळ असे नाव देऊ नये. राहिला प्रश्न मरणाच्या दारातील माणसाचा. त्याच्यासाठी ख्रिस्तसभेच्या कायद्याने वेगळी वाट ठेवलीच आहे, आणि तिला आमचा काडीचाही विरोध नाही.

ज्या गृहस्थाची हकिकत आम्ही आरंभी सांगितली, त्यांच्या पत्नीने मागच्या पावसाळ्यात निरोप पाठवला की तिला येशूविषयी ऐकायचे आहे. नवऱ्याचे जे झाले ते डोळ्यांदेखत पाहूनही. आम्ही तिला सांगितले, निदान दोन वर्षे लागतील. ती म्हणाली, "अन् तवर मी कोन?" प्रश्न योग्य होता. आम्ही तिला सांगितले की स्वीकृतीचा विधी झाला की दीक्षार्थी ख्रिस्तसभेच्या घरचाच गणला जातो. उद्या काही बरेवाईट झाले तर ख्रिस्तसभा त्याला आपल्या विधीने माती देते, असे तिच्या कायद्यातच लिहिले आहे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग सासऱ्याच्या तेरवीचा विषय तिनेच काढला, आणि त्या दिवशी आमचे दुसरे काहीच बोलणे झाले नाही. पुढची बैठक सोयाबीनची काढणी उरकल्यावर ठेवायची असे ठरले.