चिठ्ठी प्रत्येक भागाला हवी



जून म्हणजे आपल्याकडे अर्जांचा महिना. निपाणीचा मुलगा कोल्हापूरला प्रवेश घेतो, चंदगडची मुलगी बेळगावला येते. ऑनलाइन अर्जात नाव, फोटो आणि दोन-चार दाखले. काही मराठीत, काही कन्नडमध्ये. बटण दाबलं की हे सगळं एकाच गठ्ठ्यात सर्व्हरकडे जातं. गठ्ठा बांधायच्या या रीतीला 'मल्टिपार्ट' म्हणतात.

ही रीत मूळची ई-मेलची. नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली 'माइम' हे मानक मांडलं. पुढे १९९५ मध्ये वेबवरच्या अर्जातून फाइल पाठवण्यासाठीही तीच रीत सुचवली गेली.

गठ्ठ्यात पहिली महत्त्वाची गोष्ट 'बाउंडरी', म्हणजे सीमारेषा. (सीमाभागात हा शब्द कुणाला नवा?) एक भाग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे या ओळीवरून कळतं. पाठवणारा ती ठरवतो आणि वरच्या हेडरमध्ये आधीच सांगतो. म्हणून ब्राउझरमधून 'फॉर्मडेटा' पाठवताना हेडरमधला 'कंटेंट-टाइप' हाताने लिहू नका. नुसतं 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' लिहिलं की बाउंडरी राहून जाते आणि सर्व्हरला गठ्ठा सोडताच येत नाही. ते काम ब्राउझरवर सोपवा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक भागाची चिठ्ठी: त्याचा स्वतःचा कंटेंट-टाइप. फोटोला 'इमेज/जेपेग', दाखल्याला 'ॲप्लिकेशन/पीडीएफ'. चिठ्ठी नसेल तर तो भाग साधा मजकूर धरला जातो. जेसन पाठवायचं असेल तर ते 'ब्लॉब'मध्ये घालून 'ॲप्लिकेशन/जेसन' असा टाइप द्या. नाहीतर जेसनची वाट बघणारा सर्व्हर ४१५ क्रमांकाची चूक दाखवून अर्ज परत पाठवू शकतो.

आता नावाकडे येऊ. यूटीएफ-८ मध्ये मराठी 'क' तीन बाइटांचा: २२४, १६४, १४९. कन्नड 'क': २२४, १७८, १४९. फरक फक्त मधल्या बाइटचा! पण सर्व्हरने हे बाइट जुन्या पश्चिम युरोपीय अक्षरसंचातले समजून वाचले, तर दोन्ही भाषांतली नावं सारखीच विद्रूप होतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि मध्ये भलतीच चिन्हं. मग दाखल्यावरचं नाव अर्जाशी जुळत नाही. हेलपाटे कुणाला, हे सांगायला नको.

गंमत म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं दोन्ही संचांत सारखीच असतात. त्यामुळे इंग्रजी नाव घालून तपासलेला अर्ज बिनबोभाट पास होतो. अडतो तो आपला. म्हणून पान यूटीएफ-८ मध्ये ठेवा, सर्व्हरलाही तेच वाचायला सांगा, आणि मजकुराचा भाग स्वतः बांधत असाल तर 'टेक्स्ट/प्लेन'पुढे 'चारसेट=यूटीएफ-८' लिहा.

तुमच्यापैकी कितीतरी जण अशी पानं बनवतात. पुढच्या वेळी तपासताना 'टेस्ट' लिहू नका. एकदा 'ज्ञानेश्वर' लिहा, एकदा 'बसवण्णा' कन्नड लिपीत. दोन्ही नावं जशी लिहिली तशी परत आली, तरच काम झालं म्हणा.