जाड पत्र्याचा भरवसा

वाचकहो, गेल्या महिन्यात आमच्या थोरल्या बंधूंनी नवी मोटार घेतली. हळदकुंकू लागले, पेढे वाटून झाले, चाकांखालची लिंबेही यथासांग चिरडली गेली. आणि मग घरातला मोटारवेडा म्हणून परीक्षणासाठी मला पाचारण करण्यात आले. बंधूंनी बोटाच्या पेराने दारावर टकटक केली आणि खिन्न स्वरात ते म्हणाले, "पत्रा पाहिलास? निव्वळ पापड! आपली अँबॅसडर आठवते? भिंतीवर आदळली तर खर्च भिंतीला यायचा!"

मंडळी हसली. मीही हसलो, कारण हा विनोद मूळचा माझाच. तीस वर्षे लग्नामुंजींतून तो मी सांगत आलो आहे. आज आपल्यासमक्ष तो मागे घेत आहे.

अँबॅसडरवर माझे प्रेम नव्हते असे नाही. पुढच्या अखंड बाकावर तिघे, मागे पाच आणि मांडीवर उरलेली बालके, एवढा संसार घेऊन ती घाट चढे. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यातून तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तेव्हा घरात कोणी वडीलधारे गेल्यासारखे मला वाटले होते. परंतु प्रेम ही एक गोष्ट आणि पुरावा ही दुसरी.

पुरावा अमेरिकेतला आहे. तेथील विमा कंपन्यांनी चालविलेल्या एका महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त एक अजब समारंभ केला. १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन मोटारी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर एकमेकींवर सोडण्यात आल्या. बेल एअर म्हणजे जाड पत्र्याचा, लांबरुंद, क्रोमियमने मढविलेला राजवाडाच. टक्कर झाली आणि राजवाड्याचा दिवाणखाना कोसळला. सुकाणूचे चाक चालकाच्या अंगावर आले. तेथे बाहुल्याऐवजी माणूस असता तर तो वाचला नसता. मालिबूचे नाक पार चेंदामेंदा झाले; तिच्या चालकाला मात्र पायाच्या किरकोळ दुखापतीवर सुटता आले असते.

यात चमत्कार नाही. वेगाने येणारा चेंडू आपण ताठ हातांनी झेलत नाही. हात मागे घेत झेलतो. थांबण्याचे अंतर दुप्पट केले की सरासरी धक्का निम्मा होतो. मोटारीचे नाक चुरगळते, तेव्हा तीही आपल्यासाठी हात मागे घेत असते. जी मोटार चुरगळायचे नाकारते, ती तो धक्का थेट आतल्या हाडामांसाच्या मंडळींच्या स्वाधीन करते. म्हणून नाक मऊ असावे आणि बसण्याचा कोठा तेवढा अभेद्य असावा. बेला बारेन्यी या अभियंत्याची ही कल्पना मर्सिडीजने १९५९ मध्ये प्रत्यक्ष मोटारीत उतरविली. याचा अर्थ पत्रा कितीही पातळ चालेल असा नव्हे; पण पेराच्या टकटकीने मोटारीचा कोठा कळत नाही.

त्याच १९५९ मध्ये, बेल एअर मिरवत होती तेव्हा, स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा मोटारीत आणला. कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखानदारांसाठी खुले ठेवले. जगात एवढे मोठे दान फुकट मिळाले आणि आपण ते घ्यायलाही कंटाळतो! २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील सोळा हजारांहून अधिक जणांनी मोटारीत बसताना पट्टा बांधलेला नव्हता, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे चालक नव्हेत, प्रवासी होते.

मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा असा नियम आहे, न बांधल्यास हजार रुपये दंड आहे. पण मागे बसलेल्यास आपण पाहुणा मानतो आणि पाहुण्याला बांधणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. टक्कर झाली की मोटार थांबते, पाहुणे थांबत नाहीत. ते त्याच वेगाने पुढच्या आसनावर, म्हणजे बहुधा घरातल्याच माणसावर, जाऊन आदळतात.

असो. त्या दिवशी परीक्षणफेरीसाठी मी मागे, वहिनी आणि धाकट्या नातीच्या शेजारी बसलो. पट्टा ओढला, अडकवायला जागा सापडेना. बंधूंनी हौसेने शिवून आणलेल्या मखमली खोळीखाली तिन्ही खाचा गाडल्या गेल्या होत्या. मी खिशातला चाकू काढला. "अरे, नवी खोळ आहे!" बंधू कळवळले. "दादा, नातही नवीच आहे," मी म्हणालो.

चाकू चालला. बंधू आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एका रविवारी तेच आले. तिन्ही खाचांभोवती नीट काजे करून घेतलेली खोळ दाखवायला.

आपणही आज आपल्या मोटारीच्या दारावर टकटक न करता मागच्या आसनावर हात फिरवून पाहावा. खाच हाताला लागली नाही, तर माझा चाकू अजून धारदार आहे.