शनिवारचे तीन

शनिवार-रविवारचं प्रीमियर लीगचं वेळापत्रक हाती आलं की मी आधी बड्या लढती शोधत नाही. दुपारी तीनचे सामने मोजतो. तिकडचे तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. या रविवारी, ऑक्टोबरच्या शेवटच्या, इंग्लंडची घड्याळं तासभर मागे जातील आणि पुढच्या शनिवारपासून साडेआठ वाजतील. तेव्हा मंडळी, जेवणं आधीच उरकून घ्या! ही तीनची वेळ कुणा वाहिनीनं ठरवलेली नाही. १८५० च्या कारखाना कायद्यानं तिथल्या कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला थांबू लागल्या आणि पुढे मोकळा झालेला कामगार मैदानाकडे वळला. आपल्या गिरणी कामगाराला नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवार मिळवून दिला तो १८९० मध्ये. गंमत अशी, की शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच खुद्द ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. लहान क्लबांची तिकिटं खपावीत म्हणून बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी १९६० च्या दशकात हा आग्रह धरला. म्हणजे लिव्हरपूलकराला घरबसल्या न दिसणारा सामना कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दिसतो! तरीही ही बंदी राहायलाच हवी. मोठा क्लब प्रक्षेपणाच्या पैशावर जगेल. चौथ्या श्रेणीतला क्लब फाटकातून आत येणाऱ्या माणसांवर जगतो. या शनिवारी तीनचा एक तरी सामना बघा, आणि चेंडूइतकंच त्या भरलेल्या स्टँडकडेही बघा. फुटबॉल तिथं राहतो.