धनी टिकला म्हणजे संघ टिकतो काय ?

परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव वसले आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या निमित्ताने पुण्यामुंबईचे प्रवासी तेथे येतात. वाघ दिसला तर धन्य होऊन आणि न दिसला तर सागवानाची व थंड हवेची तारीफ करीत परत जातात. अशा गावातील एखाद्या कोरकू मुलाच्या पायांत उपजत वेग आहे, डोंगर चढून-उतरून त्याचा दम कसलेला आहे आणि चेंडू त्याच्या पावलांशी खिळून राहतो, असे उद्या कोणा शिक्षकाच्या ध्यानात आले, तर त्या शिक्षकाने त्याला कोठे पाठवावे ? फुटबॉलपटू एका हंगामात तयार होत नाही. दहाव्या वर्षी मैदानावर आलेले पोर विसाव्या वर्षी कोठे मोठ्या सामन्यात उतरण्याच्या योग्यतेचे होते. ही दहा वर्षे त्याला सांभाळील असे घर आज महाराष्ट्रात कोणते आहे ? धंदेवाईक फुटबॉल संघाला स्थिर मालकी लाभली तर त्याचा उत्कर्ष होतो की नाही, हा वाद शहरातल्या दिवाणखान्यांत हौसेने घातला जातो. आम्हांस तो या मुलाच्या बाजूने तपासावासा वाटतो. कारण मालक बदलला की भागधारकांचे पैसे बुडतात, पण पोराचे वय बुडते. आणि गेलेले वय कोणत्याही पेढीवर परत मिळत नाही.

प्रथम स्थिर मालकीच्या बाजूचा पुरावा पाहू. तो थोडाथोडका नाही. गोव्याच्या धेंपे घराण्याने फुटबॉल संघाला जो आश्रय दिला, त्याचे फळ म्हणून २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत धेंपो क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा पटकावले. या पाचही विजयांत आर्मांदो कुलासो हेच प्रशिक्षक होते, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. धनी एक, गुरू एक आणि शिष्यही बव्हंशी तेच, असा तो योग होता. कलकत्त्याकडे पाहावे तर दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या अलीकडच्या कथा एकमेकींशेजारी ठेवता येतात. मोहन बागानने २०२० मध्ये एका उद्योगसमूहाशी संसार मांडला आणि तो टिकविला. २०२२-२३ चा करंडक, २०२३-२४ ची साखळी ढाल आणि २०२४-२५ मध्ये ढाल व करंडक दोन्ही, ही त्याची कमाई. ईस्ट बंगालला मात्र २०१८ पासून चार वर्षांत तीन भांडवलदार पाहावे लागले. प्रत्येक नव्या करारनाम्याच्या वेळी क्लबचे सभासद आणि पैसेवाले यांच्यात रुसवेफुगवे झाले आणि इंडियन सुपर लीगच्या पहिल्या पाच हंगामांत हा थोर परंपरेचा संघ एकदाही पहिल्या सहांत येऊ शकला नाही.

आता आपल्या घरची अवस्था. २००७ ते २०१९ या अवघ्या बारा वर्षांत पुणे शहराने चार धंदेवाईक संघांचा जन्म आणि अंत पाहिला. २००७ मध्ये निघालेला पुणे एफ. सी. २०१२-१३ साली आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच्या अकादमीतील मुलांनी युवक गटाची राष्ट्रीय स्पर्धाही जिंकली. आणि २०१५ नंतर तो वरिष्ठ लीगमधून दिसेनासा झाला. भारत एफ. सी. एक हंगाम खेळला. डी. एस. के. शिवाजीयन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये राहिला. एफ. सी. पुणे सिटी २०१४ मध्ये मोठ्या थाटात अवतरला आणि २०१९ मध्ये त्याची लीगमधील जागा हैदराबादकडे गेली. मुंबईतही २००७ मध्ये निघालेला मुंबई एफ. सी. २०१७ साली खालच्या पायरीवर घसरला आणि तेथेच त्याची इतिश्री झाली. बालेवाडीच्या प्रेक्षागारात ज्यांनी एका पाठोपाठ एक रंगांची निशाणे नाचविली, त्या तरुणांनी अखेर कोणते निशाण जपून ठेवावे ?

येथवरचा पुरावा ऐकून कोणीही म्हणेल की, प्रश्न सुटला. मालक स्थिर असावा, एवढेच तात्पर्य. परंतु आमचे समाधान इतक्यात होत नाही. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली निघाला. पुढे महिंद्र युनायटेड या नावाने त्याने ड्युरँड करंडक जिंकला, फेडरेशन करंडक जिंकला, २००५-०६ साली राष्ट्रीय लीगही जिंकली. मालक एकच, पत एकच, नावही बव्हंशी तेच. याहून स्थिर मालकी ती कोणती ? आणि तरी २०१० मध्ये कंपनीने संघ बंद करून शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे वळण्याचे ठरविले, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची ही परंपरा एका निर्णयासरशी संपली. कंपनीचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मालकाची स्थिरता ही मागे वळून पाहतानाच कळणारी गोष्ट आहे. अठ्ठेचाळीसाव्या वर्षापर्यंत ती होती आणि एकोणपन्नासाव्या वर्षी नव्हती. आठव्या-नवव्या वर्षीच्या मुलाच्या बापाने अशा स्थिरतेच्या भरवशावर आपले पोर कसे सोपवावे ?

मुंबई सिटीचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबचा पासष्ट टक्के वाटा घेतला. पैसा आला, प्रशिक्षक आले, शास्त्र आले. २०२०-२१ मध्ये ढाल व करंडक एकाच हंगामात जिंकणारा हा पहिला संघ ठरला. २०२२-२३ ची ढाल व २०२३-२४ चा करंडकही त्यानेच नेला. २०२२ साली इराकच्या हवाई दलाच्या संघाला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान त्याने मिळविला. परंतु २०२५ मध्ये लीगचे व्यापारी हक्क ज्या पंधरा वर्षांच्या करारावर उभे होते, तो करार संपत आला, नवा होईना. जुलैत नवा हंगाम स्थगित ठेवल्याचे जाहीर झाले आणि डिसेंबरात या परदेशी मालकाने आपला वाटा सोडत असल्याचे सांगितले. म्हणजे मालक कितीही सधन आणि जाणता असला, तरी ज्या अंगणात खेळायचे ते अंगणच डळमळू लागले की त्याचाही पाय निघतो. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी २०१६ साली आय-लीगमधून अंग काढले, तेही मालक कंटाळले म्हणून नव्हे. जिंकूनही वरच्या वर्गात शिरता येणार नाही अशी रचना आखली जात होती, म्हणून. धेंपो वरिष्ठ आय-लीगमध्ये परत दिसला तो २०२४-२५ मध्ये.

याच्या उलट बाजूही आहे. मालक हलत नाही, पण संघ खाली जातो, असेही घडते. मँचेस्टर युनायटेड २००५ पासून एकाच अमेरिकन कुटुंबाच्या ताब्यात आहे. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ पासून प्रशिक्षकपदी होते तोवर विजय चालत आले. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत इंग्लंडचे विजेतेपद त्या क्लबाच्या वाट्याला आले नाही. तिजोरीची किल्ली त्याच कमरेला होती, पण घरातील वडीलधारे माणूस गेले होते. स्थिरता ही मालकाच्या दस्तऐवजात वास करीत नाही. ती मैदानावरच्या रोजच्या रीतीत, गुरूच्या नजरेत आणि धाकट्यांना थोरल्यांकडून मिळणाऱ्या वळणात असते. उत्तम मालक ती निर्माण होण्यास अवधी देतो. वाईट मालक तो अवधी देत नाही. आणि उदासीन मालक नुसताच बसून राहतो.

जुन्या पिढीतील वाचकांना टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स हे मुंबईचे कंपनी-संघ आठवत असतील. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, पण एक गुण होता. खेळाडूला कंपनीत नोकरी असे. गुडघा मोडला किंवा संघ मोडला, तरी महिन्याचा पगार मोडत नसे. २०१३ साली आशियाई परवान्याच्या अटींपुढे एअर इंडिया व ओ. एन. जी. सी. यांचे संघ आय-लीगच्या बाहेर गेले आणि ती व्यवस्था वरच्या थरातून जवळपास मावळली. धंदेवाईकपणा आणण्यासाठी ते योग्य होते असे मानले, तरी नोकरीच्या जागी खेळाडूला दुसरा कोणता आधार दिला ? दोन-तीन वर्षांचा करार, एवढेच त्याचे उत्तर आहे.

यावर उपाय काय, याचे उत्तर आम्हांस सेमाडोहच्या रानातच दिसते. मेळघाटची ओळख म्हणजे सागवान. कोरकू भाषेत सिपना या शब्दाचा अर्थच सागवान असा सांगतात. सागाचे रोप लावणारा वनाधिकारी ते झाड पक्व झालेले आपल्या नोकरीत कधीच पाहत नाही. काही वर्षांत त्याची बदली होते. त्याच्या जागी दुसरा येतो, मग तिसरा. तरी रोपवन वाढते, कारण कोणत्या कूपात केव्हा काय करावयाचे याची कित्येक वर्षांची कार्य-आयोजना लिहून ठेवलेली असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती पाळावी लागते. अधिकारी अस्थिर, पण आयोजना स्थिर. आणि या रानानेच दुसराही धडा दिला आहे. सरकारइतका स्थिर मालक दुसरा नाही. तरी २००६ चा वनहक्क कायदा येईपर्यंत त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोरकूंना त्याच्या कारभारात कायद्याने शब्द नव्हता. मालक टिकला, पण राहणाऱ्यांची अस्थिरता संपली नाही. म्हणून ‘मालक स्थिर आहे काय ?’ या प्रश्नाला ‘कोणासाठी ?’ ही पुस्ती जोडलीच पाहिजे. जर्मनीत क्लबच्या सभासदांच्या हाती मतांचे बहुमत ठेवण्याचा जो नियम १९९८ पासून चालत आला, त्यामागे हाच विचार आहे.

आपल्या विदर्भालाही हे नवे नाही. विदर्भाचा क्रिकेट संघ रणजी करंडकात प्रथम उतरला १९५७-५८ साली, आणि त्याने करंडक प्रथम उचलला २०१७-१८ च्या हंगामात. साठ वर्षे ! मग लगेच २०१८-१९ मध्ये दुसरा आणि २०२४-२५ मध्ये तिसरा. या संघाला मालक नाही, संघटना आहे. पदाधिकारी बदलले, खेळाडू बदलले, हरण्याची सवय लागावी इतके पराभव पचविले, पण संघ विकला गेला नाही व दुसऱ्या शहरी हलविला गेला नाही. अमरावतीत तर १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्या डोळ्यांसमोर उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविणाऱ्या या संस्थेचे संस्थापक कधीच गेले. संस्था शंभरी ओलांडून उभी आहे. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांना चेंडू दिला, तेव्हा त्यांच्यापाशी कोणता कोट्यधीश होता ?

यावरून आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडतो. स्थिर मालकी संघाला उपकारक आहे, याविषयी वाद नाही. पण ती दैवाची देणगी आहे, तिच्यावर धोरण आखता येत नाही. धोरण आखावयाचे ते मालक जाईल असे गृहीत धरूनच. धंदेवाईक संघाला परवाना देताना युवक-अकादमीचा निदान पाच-सात वर्षांचा खर्च मालकाने वेगळ्या विश्वस्त निधीत आधी ठेवावा. क्लब बुडाला तरी त्या निधीला हात लागू नये. अकादमी आणि तिचे मैदान यांचा कारभार क्लबच्या कंपनीकडे न राहता जिल्हा संघटना, शिक्षणसंस्था आणि पालक यांच्या विश्वस्त मंडळाकडे असावा. मुलाचे शिक्षण ही कृपा न राहता करारातील अट असावी. आणि क्लब गावाबाहेर नेण्यापूर्वी तेथील सभासदांची संमती घेणे बंधनकारक असावे. मालक म्हणतील, या अटींनी पैसा बिथरेल. ज्याचा पैसा पाच वर्षांच्या जबाबदारीने बिथरतो, त्याचा संघ पाच वर्षांत कसा मोडतो हे पुण्याने पाहिलेच आहे.

वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणत. कुऱ्हाडीने झाड तोडता येते, लावता येत नाही. लावण्यासाठी हात लागतात, आणि एक हात थकला तर दुसऱ्याने पाणी घालावे अशी रीत लागते. सेमाडोहचे ते पोर अमरावतीच्या मोटारीत बसेल तेव्हा त्याच्या बापाला आपण कोणा शेटजीचे नाव सांगणार, की शंभर वर्षे उघडे राहिलेले एखादे दार दाखविणार ? महाराष्ट्रातील फुटबॉलचे भवितव्य या एका उत्तरावर अवलंबून आहे.